दोष गेला, कारण कळले का?

दहा-बारा वर्षे वापरातला डेस्कटॉप संगणक काम करता करता एकाएकी बंद पडतो आणि कुणी बटण न दाबता आपणहून पुन्हा सुरू होतो. कधी दिवसातून चारदा, कधी आठवडाभर एकदाही नाही. दुरुस्तीवाला येतो, कॅबिनेट उघडतो, धूळ उडवतो, जुनी रॅम काढून नवी बसवतो आणि सांगतो, ‘रॅम गेली होती.’ संगणक नीट चालू लागतो, पैसे दिले जातात, विषय संपतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र विषय इथेच सुरू होतो. दोष नाहीसा झाला हे सगळ्यांनी पाहिले. पण दोषाचे कारण कळले असे म्हणायला आधार काय? माझ्या मते एवढ्यावरून ते कळले असे म्हणता येत नाही. उपाय केला आणि त्रास थांबला, हा अनुभव झाला. त्रास अमुक गोष्टीमुळेच होत होता, हे ज्ञान झाले. अनुभवावरून ज्ञानाकडे जाताना मध्ये एक पायरी लागते. काढलेली गोष्ट परत लावायची आणि त्रास परत येतो का ते पाहायचे, ही ती पायरी. यंत्रांच्या बाबतीत आपण ती आळसाने गाळतो, औषधांच्या बाबतीत भीतीने गाळतो, नवससायासांच्या बाबतीत तर ती गाळलीच पाहिजे असे मानतो. श्रद्धा आणि बुद्धी यांची आपल्याकडे जी भांडणे होतात त्यांतली बरीचशी या गाळलेल्या पायरीवरून होतात, असे मला वाटते.

संगणकाचे उदाहरण मुद्दाम घेतले. इथे कारण डोळ्यांना दिसत नाही आणि दोष स्वतःचा पुरावा स्वतःच पुसून टाकतो. वीजपुरवठा सांभाळणारा एसएमपीएस मदरबोर्डला सतत ‘सगळे ठीक आहे’ असा एक संकेत देत असतो. विजेचा दाब फार घसरला की तो संकेत जातो आणि मदरबोर्ड हातातले सगळे काम टाकून पहिल्यापासून सुरुवात करतो. रॅममध्ये त्या क्षणी जे होते ते नाहीसे होते. दोष सॉफ्टवेअरच्या अंगाने आला असेल तर विंडोज निळा पडदा दाखवते खरी. पण बिघाड झाला की आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय मुळातच चालू ठेवलेली असल्याने तो पडदा वाचून होण्याआधीच निघून जातो. मग लोक इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते, आणि पुष्कळ जण हेच कारण समजून तिच्यावर इलाज शोधू लागतात. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या खेपेला संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ती लिहिली जाते तीसुद्धा पुन्हा सुरू झाल्यानंतर. म्हणजे आपल्याला जे आधीच ठाऊक होते तेच आकडा लावून परत मिळाले. ‘दृष्ट लागली’, ‘ग्रह फिरले’ आणि ‘सिस्टीम एरर आहे’ या तिन्ही वाक्यांची घडण एकच आहे. कार्यालाच दुसरे नाव दिलेले असते, आणि नाव भारदस्त असल्यामुळे उत्तर मिळाल्यासारखे वाटते.

कारण म्हणजे काय याची व्याख्या न्यायशास्त्राने फार काटेकोरपणे केली आहे. कार्याच्या आधी जे नियमाने असते आणि जे अन्यथासिद्ध नसते ते कारण. यातली पहिली अट कुणालाही सुचेल. दुसरी ही या शास्त्राची खरी कमाई आहे. मडके घडायच्या आधी माती वाहून आणणारे गाढव तिथे होते. तेच गाढव रोज माती आणत असेल तर ते प्रत्येक मडक्याच्या आधी हजर असणार. तरीही ते मडक्याचे कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी मडके झालेच असते. कुंभाराचा बाप आणि चाक फिरवणाऱ्या दांड्याचा रंग हेही त्याच पंक्तीतले. भाषापरिच्छेदकार विश्वनाथाने अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार मोजले आहेत. संगणकाच्या दोषातही ती असतात. ‘अमुक गेम लावला की बंद पडतो’ हे निरीक्षण खरे असू शकते, पण त्या गेमचा दोषाशी संबंध तो जेवढी वीज ओढायला लावतो आणि जेवढी उष्णता निर्माण करतो तेवढ्यापुरताच असेल. तेवढाच भार घालणारा दुसरा कोणताही प्रोग्रॅम चालवला तरी संगणक बंद पडेल. गेम काढून टाकला, त्रास थांबला, आणि एसएमपीएसमधला खरा दोष तसाच राहिला.

नुसते साहचर्य कसे फसवते हे शास्त्राने धूर आणि अग्नीच्या जोडीवरूनच दाखवले आहे. धूर दिसला तर अग्नी आहे हे अनुमान खरे. अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे हे खोटे. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओले लागते. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये उभे असलेले, पण हिशेबात न धरलेले हे ओले सरपण म्हणजे उपाधी. आता रॅमकडे वळू. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क असतात. वर्षानुवर्षे धूळ आणि दमट हवा लागून त्यांच्यावर आणि स्लॉटच्या आतल्या बाजूला पातळ थर बसतो, आणि संपर्क मधूनच तुटतो. पट्टी नुसती बाहेर काढून पुन्हा दाबून बसवली तरी हा थर खरवडला जातो. कित्येक कारागीर ती खोडरबराने घासतात ते याचसाठी. म्हणजे ‘जुनी रॅम काढली, नवी बसवली, दोष गेला’ या वाक्यात निदान तीन घटना आहेत. जुनी पट्टी गेली, नवी आली, आणि स्लॉटमधला संपर्क साफ झाला. तिसरी कुणाच्याच हिशेबात नसते. कॅबिनेट उघडल्याने आतली गरम हवा निघून गेली, धूळ झाडल्याने प्रोसेसरवरच्या हीटसिंकला वारा लागला, ढिली झालेली एखादी वायर हात लागून नीट बसली, हेही त्याच अर्ध्या तासात झालेले असते. जुनी रॅम पूर्ण निर्दोष असणे सहज शक्य आहे. ती कचऱ्यात जाते, आणि ‘असे झाले की रॅमच गेलेली असते’ हे खोटे ज्ञान पक्के होऊन पुढच्या घरी जाते.

या फसगतीतून सुटायची रीत बौद्ध तार्किकांनी सांगून ठेवली आहे. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात ती ‘पंचकारणी’ म्हणून येते. पुण्याच्या वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी हा ग्रंथ १९२४ साली स्वतःच्या टीकेसह संपादून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातर्फे प्रसिद्ध केला, त्यामुळे मराठी अभ्यासकांना तो परका नाही. पंचकारणीचा क्रम असा. आधी कार्य दिसत नाही. मग कारण दिसते. मग कार्य दिसते. मग कारण नाहीसे होते. मग कार्य नाहीसे होते. हा सगळा क्रम एकाच जागी, इतर काही न बदलता घडला तर दोघांत कार्यकारणसंबंध आहे असे म्हणावे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रात एकाच बाबतीत भेद असलेल्या दोन प्रसंगांची तुलना करायला सांगितली, ती याच जातीची. दुरुस्तीवाला यातल्या शेवटच्या दोनच पायऱ्या चढलेला असतो. संशयित काढला, दोष गेला. पहिल्या तीन चढायच्या तर संगणक नीट चालू असताना तीच जुनी पट्टी परत बसवून पाहावे लागेल. दोष परत आला नाही तर रॅम निर्दोष होती. जे काही बरे झाले ते हाताळणीत, साफसफाईत झाले. परत आला, पुन्हा काढल्यावर गेला, आणि हीच पट्टी दुसऱ्या धडधाकट संगणकात घातल्यावर तोही बंद पडू लागला, तर ‘रॅम गेली होती’ हे वाक्य बोलायचा अधिकार मिळाला. मेमटेस्टसारखा तपासणी प्रोग्रॅम रात्रभर चालवून तोच तोच पत्ता चुकतो आहे असे दिसले तरीही तो काही अंशी मिळतो. पण तिथेही पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून चूक पट्टीबरोबर जाते की स्लॉटपाशीच राहते, हे पाहावे लागते.

यावर व्यवहारी माणूस विचारील, चालते झालेले यंत्र मुद्दाम पुन्हा बिघडवायचे कशासाठी? गिऱ्हाइकाला संगणक हवा असतो, कार्यकारणभाव नको असतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्येक वेळी कारण जाणून घेतलेच पाहिजे असे माझे म्हणणेही नाही. ज्ञान मिळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य नसते. पण जे मिळवले नाही ते मिळवले असे न सांगणे हे मात्र कर्तव्य आहे. ‘रॅम बदलल्यावर थांबले’ आणि ‘रॅममुळे होत होते’ या दोन वाक्यांतला फरक सांभाळायला एक पैसाही पडत नाही. तो सांभाळला नाही की काय होते ते जुन्या संगणकांच्या नशिबी आलेले आपण पाहतोच. आधी रॅम बदलली जाते, मग एसएमपीएस, मग विंडोज पुसून फॉरमॅट, मग मदरबोर्ड. दर खेपेला चार दिवस बरे वाटते आणि दर खेपेला नवे कारण जाहीर होते. फॉरमॅटमुळे तर बिघाडाच्या वेळी डिस्कवर साठवल्या गेलेल्या नोंदीही जातात, म्हणजे उरलासुरला साक्षीदारही आपण आपल्या हाताने नाहीसा करतो. शेवटी सगळे धड भाग भंगारात जातात आणि एखाद्या सैल पिनेचा दोष शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

याहून अवघड आक्षेप तार्किकाचा आहे. एकाच कार्याची अनेक कारणे असू शकतात, मग काढणे-लावणे करून काय सिद्ध होणार? संगणक उष्णतेने बंद पडतो, विजेने पडतो, रॅमने पडतो, ड्रायव्हरने पडतो. शास्त्रात हा प्रश्न ‘तृणारणिमणि’ न्यायाने ओळखला जातो. अग्नी गवतातून पेटतो, अरणी घासून पेटतो, सूर्यकांत मण्यातूनही पेटतो; मग ‘हे नसेल तर अग्नी नसेल’ असे तिघांपैकी एकाबद्दलही म्हणता येत नाही. मीमांसकांनी तिन्हींत एकच शक्ती मानली. नैयायिकांनी वेगळी वाट धरली, आणि तीच मला अधिक पटते. त्यांनी सांगितले की गवताचा अग्नी, अरणीचा अग्नी आणि मण्याचा अग्नी हे एका जातीचे नाहीत. कार्य एक दिसते कारण आपण ते बारकाईने पाहिलेले नसते. संगणकाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. निळा पडदा येऊन मग रीस्टार्ट होणे आणि काहीही न दाखवता, प्लग काढल्यासारखे, एका क्षणात विझणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. पहिल्यात विंडोजला काहीतरी बिनसल्याचे कळायला वेळ मिळालेला असतो, म्हणून संशय ड्रायव्हर, रॅम, हार्ड डिस्क यांच्यावर जातो. दुसऱ्यात तिलाही कळलेले नसते, म्हणून वीज, उष्णता किंवा मदरबोर्ड. सुरू होऊन दहा मिनिटांनी, भार पडल्यावर बंद पडणे हे उष्णतेकडे किंवा १२ व्होल्टच्या वाहिनीकडे बोट दाखवते. थंडीत सकाळी तीन-चारदा धडपडून मग दिवसभर सुरळीत चालणे हे नेमके उलट. इथे बहुधा म्हाताऱ्या झालेल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांकडे पाहावे, कारण त्यांचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि ऊब आल्यावर उतरतो. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. त्यांची सपाट डोकी फुगून वर येतात, कधी फुटून तपकिरी द्रव बाहेर येतो. आणि घरातला दिवा लुकलुकलाही नाही अशा क्षणी जुना संगणक रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएसची धारणशक्ती पाहावी. बाहेरची वीज गेल्यावर त्याने सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. आतला मोठा कपॅसिटर वयाने क्षीण झाला की हा अवधी आणखी घटतो. कारणे अनेक आहेत ही तक्रार अशी पाहता पाहता विरघळत जाते. कार्याचे नीट वर्णन करणे हे कारण शोधण्याचे निम्मे काम आहे, आणि ते करायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

राहिला प्रश्न लहरीपणाचा. दोष सतत असेल तर काढणे-लावणे पाच मिनिटांत उरकते. कधीमधी येणारा असेल तर थांबण्याचा अर्थ लावणे कठीण होते. समजा संगणक सरासरी तीन दिवसांतून एकदा, कोणताही क्रम न पाळता बंद पडतो. मग काहीही उपाय न करता सलग तीन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. नऊ दिवस शांत गेले तर ती ५ टक्क्यांवर येते, आणि तेव्हा कुठे ‘उपाय लागू पडला असावा’ असे म्हणायला जागा होते. दोन दिवस बरे गेले म्हणून कारण सापडले असे म्हणणारा माणूस खरे म्हणजे काहीच पाहत नसतो. त्यातच आणखी एक गोष्ट मिसळते. माणूस उपाय करायला निघतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि कमी-जास्त होणारा त्रास टोकावरून बहुधा खालीच येतो. उपाय कोणताही असो, त्याच्या पाठोपाठ थोडे बरे वाटणारच. नवस बोलल्यावर ताप उतरतो, अंगारा लावल्यावर मूल शांत झोपते, शांत केल्यावर साडेसाती सुसह्य होते, यातल्या पुष्कळ अनुभवांना मी खोटे म्हणणार नाही. ते घडतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते तेव्हा फांदी खरोखरच मोडलेली असते. प्रश्न तिच्या मोडण्याचा नसतो, कावळ्याच्या वजनाचा असतो.

इथे श्रद्धावान वाचकाला वाटेल की हा लेख शेवटी देवाच्या विरोधात जाणार. तसे नाही, आणि का नाही हे त्याच्याच परंपरेतून सांगता येते. न्यायवैशेषिक मताप्रमाणे ईश्वर, काल, दिशा, अदृष्ट ही सर्व कार्यांची साधारण कारणे आहेत. मडके घडले तरी ती होती, फुटले तरी ती होती. म्हणून ‘हे मडके का फुटले’ असे विचारल्यावर ‘ईश्वरेच्छेने’ हे उत्तर ईश्वरवाद्याच्या दृष्टीनेही खोटे नसते. ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसते. प्रश्न असाधारण कारणाचा असतो, आणि ते शोधण्यातून सुटका ईश्वर मानल्याने होत नाही. ज्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी आपली सारी बुद्धी पणाला लावली, त्यांनीच अनुमानाच्या अटी सैल होऊ दिल्या नाहीत. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवणाराही कोणता कार्यकारणभाव सांगत नसतो. तो ज्या वस्तूवर आपले पोट चालते तिच्यापुढे कृतज्ञतेने वाकतो. या कृतीला रॅमची तपासणी खोटी पाडू शकत नाही आणि या कृतीने रॅमची तपासणी टळतही नाही. भांडण सुरू होते ते पूजेचा उपाय होतो तिथे, ‘फूल ठेवले म्हणून वर्षभर बंद पडला नाही’ असे वाक्य येते तिथे. ते वाक्य श्रद्धेचे राहिलेले नसते. ते कारणाविषयीचे विधान आहे, आणि त्याला काढण्या-लावण्याची तीच परीक्षा लागू पडते. महाराष्ट्रात कार्यकारणभाव हा शब्द पोथ्यांतून काढून गावोगावच्या सभांत नेण्याचे काम डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ती अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ बाहेरून आणलेल्या विचारावर चालते असा आरोप करणाऱ्यांनी न्यायशास्त्रात उपाधी आणि अन्यथासिद्धी यांविषयी काय म्हटले आहे ते वाचावे.

अदृष्टाविषयी मात्र अधिक कठोर व्हावे लागेल. वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सुई सरकणे, ज्वाला वर जाणे, वारा आडवा वाहणे यांचे कारण अदृष्ट असे सांगितले आहे. सूत्रकार कणादाच्या काळी याहून जास्त सांगणे शक्य नव्हते, आणि ‘कारण आहे पण आपल्याला दिसलेले नाही’ एवढ्याच अर्थाने घेतले तर ते प्रामाणिक विधान आहे. विलियम गिल्बर्टचा चुंबकत्वावरचा ग्रंथ १६०० साली आला, आणि पुढच्या तीन शतकांत ते कारण हळूहळू उलगडत गेले. आज त्या जुन्या संगणकातली हार्ड डिस्क अक्षरे साठवते ती त्याच चुंबकत्वावर, पंख्यांच्या मोटारी फिरतात त्याही त्यावरच. अदृष्ट या नावाखाली शोध चालू राहिला तर ते नाव उपकारक. तिथे शोध थांबला तर तेच नाव ज्ञानाच्या आड येते. आणि हे बुद्धिवाद्यालाही लागू आहे. ‘व्हायरस असेल’ हे निदान न तपासता देणारा आणि ‘नशीब’ म्हणणारा यांच्यात मला विचारांचा काहीच फरक दिसत नाही.

कारण सापडत नाही तेव्हा एक शेवटचे साधन उरते, शेषवत् अनुमान. जे जे असू शकत होते ते सगळे एकेक करून नाकारले, उरले ते कारण. या अनुमानाचे बळ यादीच्या पूर्णतेवर असते, आणि यादी पूर्ण आहे हे सांगणार कोण? तरी ते कधी खरे बळ धरते, याचे एक उत्तम उदाहरण बेल्जियममध्ये मिळते. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला यंत्रावर शक्य होती त्याहून जास्त मते दिसली. वाढीव आकडा होता ४०९६. यंत्र आणि प्रोग्रॅम तपासून दोष सापडला नाही, आणि तज्ज्ञांनी रॅममधला एक बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष काढला. त्यामागे अंतराळातून येणारा कण असू शकतो असेही बोलले गेले. ऐकायला हे दैवासारखेच लागते. पण दोन्हींत मोठा फरक आहे. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. द्विमान संख्येतला नेमका एकच बिट शून्याचा एक झाला तर जेवढा फरक पडेल नेमका तेवढाच. म्हणजे इथे इतर शक्यता नाकारून हात टेकलेले नाहीत. उरलेल्या कारणाची स्वतःची खूण कार्यावर उमटलेली आहे. शिवाय अशा कणांनी रॅममधले बिट उलटतात हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगांनी दाखवलेले आहे, आणि ते ओळखून दुरुस्त करणारी रॅम सर्व्हरमध्ये वापरली जाते. तरीसुद्धा बिट उलटला हे पुष्कळ पक्के आणि अंतराळातल्या कणाने उलटवला हे बरेच कच्चे, ही पायरी इथेही ठेवावी लागते. रोज चार वेळा बंद पडणाऱ्या घरच्या संगणकाला तर हे कारण मुळीच लागू नाही; इतके कण नेमके एकाच टेबलावर पडत नाहीत.

आता संशयवादी पुढे येईल. ह्यूम म्हणेल, पट्टी लावली आणि दोष आला, काढली आणि गेला, हे शंभरदा पाहिलेत तरी दोघांमधला बंध तुम्हाला दिसला कुठे? चार्वाक म्हणेल, एकशे एकाव्या वेळी असेच होईल कशावरून? याचे उदयनाचे उत्तर आजही ताजे आहे. संशय घ्यावा, पण स्वतःच्या वागण्याशी विरोध येईल तिथवरच. भूक भागावी म्हणून जेवणारा आणि समोरच्याला कळावे म्हणून बोलणारा माणूस कार्यकारणावर विसंबूनच संशय मांडत असतो. पुढे श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात उदयनाचाच श्लोक उलटवून त्याला पेचात धरले. विरोध आहे म्हणायचे तर ज्याच्याशी विरोध तो संशयही असलाच पाहिजे, अशी ती खेळी. वाद म्हणून श्रीहर्ष सरस ठरतो असे मला वाटते. तरी उदयनाने दाखवलेली मर्यादा टिकते, कारण ती सिद्धांताची नसून आचरणाची आहे. मला अंतिम निश्चय नको आहे. कमी आधाराचे आणि जास्त आधाराचे यांतला भेद हवा आहे, आणि तो ह्यूमनेही नाकारलेला नाही.

सर्वांत खरा आक्षेप शेवटी ठेवला आहे. आयुष्यातल्या बहुतेक कारणांना ही परीक्षा देताच येत नाही. मेलेल्या माणसाला उठवून औषध न देता पाहता येत नाही, हुकलेला पाऊस परत बोलावता येत नाही, आजार पुन्हा लावून पाहणे तर पाप आहे. हे मान्यच करावे लागते, आणि मान्य केल्यावर अशा ठिकाणचे आपले ‘म्हणून’ आणि ‘मुळे’ बरेच खाली उतरवावे लागतात, ज्योतिषाचे तसेच समाजशास्त्राचेही. नेमके यासाठीच उघडता येणारी यंत्रे मोलाची आहेत. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये आणि सर्व मोबाइलमध्ये रॅम बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे काढून परत लावून पाहणे सामान्य माणसाच्या हातात राहिलेले नाही. जुना डेस्कटॉप मात्र चार स्क्रू काढले की आपली कारणे तपासू देतो. तेव्हा तो भंगारात देण्याआधी, बंद करून प्लग काढून, एका वेळी एकच भाग बदला, दोष पूर्वी सरासरी जेवढ्या दिवसांनी येत होता त्याच्या तिप्पट वेळ थांबा, आणि मग जुना भाग परत लावून बघा. दुरुस्तीला कुणाला बोलावलेत तर त्यालाही हे करून दाखवायची विनंती करा, आणि त्या जास्तीच्या वेळाचे पैसे त्याला द्या.